खालच्या ड्रॉवरमधली पत्रं

ज्या माणसाचा साडेअकराचा पेशंट एक वाजेपर्यंत बघून होत नाही, तो निवडणुकीला उभा राहणार हे ऐकल्यावर मी कपाळावर हात मारून घेतला होता. आमचे डॉक्टर आयर्लंडचे. दुबईत करामामध्ये त्यांचं दोन खोल्यांचं क्लिनिक होतं. खाली उडप्याचं हॉटेल, वर डॉक्टर. मी त्यांचा सेक्रेटरी. अपॉइंटमेंट मी द्यायच्या, इन्शुरन्सचे कागद मी भरायचे, फोन मी घ्यायचे आणि डॉक्टरांनी डिक्टाफोनवर बोललेली पत्रं मी टाइप करायची. नऊ वर्षं हे केलं आणि त्या नऊ वर्षांत आम्ही एकदाही क्लिनिक वेळेवर बंद केलं नाही.

कारण या गृहस्थांना नुसता आजार पुरत नसे. घसा दाखवायला आलेल्या माणसाला ते आधी गाव विचारणार, मग वडील काय करतात, भाऊ किती, घर स्वतःचं की भाड्याचं, आणि या सगळ्यानंतर 'आ कर' म्हणणार. कोकणात एसटीत शेजारी बसलेला माणूससुद्धा इतक्या चौकशा करत नाही. बाहेर बाकावर सहाजण ताटकळलेले, आत डॉक्टर एका ड्रायव्हरशी पेशावरच्या जर्दाळूंबद्दल बोलतायत. मी दारावर टकटक केली की म्हणायचे, "पाचच मिनिटं." त्यांची पाच मिनिटं म्हणजे काय ते बाकावरच्या लोकांना विचारावं.

हे त्यांना वडिलांकडून आलेलं होतं. वडील गावाकडे डॉक्टर, आणि तिकडच्या काउंटी कौन्सिलचे सभासद, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखं. सकाळी ते रोगी तपासत आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत. मग लोक यायचे. कुणाच्या रस्त्याला खड्डे, कुणाची पेन्शन अडकलेली, कुणाच्या मुलाला नोकरी हवी. वडील प्रत्येकाचं ऐकून संबंधित खात्याला पत्र लिहायचे आणि उत्तर आलं की स्वतः त्या माणसाच्या घरी जाऊन वाचून दाखवायचे. "पत्राला कधी ना कधी उत्तर येतंच," डॉक्टर मला सांगायचे. सांगायचे इंग्रजीत, पण मला आता त्यांचं सगळं बोलणं मराठीतच आठवतं. तिकडे म्हणे डॉक्टरने राजकारणात जाणं अगदी सरळ असतं, कारण निम्म्या मतदारांची नाडी त्याने आधीच धरलेली असते. असेल बुवा. पण दुबई म्हणजे आयर्लंड नव्हे, एवढी साधी गोष्ट या शिकलेल्या माणसाच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरली नाही.

दोन हजार आठच्या अखेरीला मंदी आली आणि आमच्याकडची गर्दी वाढली. लोक नोकरी जायच्या आत, इन्शुरन्स चालू आहे तोवर, दात, डोळे, रक्त, गुडघे, सगळं तपासून घेत होते. माझी बायको एका बिल्डरच्या ऑफिसात होती. एका गुरुवारी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि रविवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. ती घरी आली, अल नहदाच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीत उभी राहून समोरचं शारजा-दुबईचं ट्रॅफिक बघत म्हणाली, "अहो, आता तुमची नोकरी सांभाळा म्हणजे झालं. मुलीची दहावी होईपर्यंत तरी."

या एका वाक्यात आमचं सगळं आलं. क्लिनिकचं लायसन्स स्पॉन्सरच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक अरब मालकाच्या, नावावर, माझा व्हिसा क्लिनिकवर, बायकोचा आणि मुलीचा व्हिसा माझ्यावर. डब्यावर डबा रचावा तसा प्रकार. खालचा काढला की महिन्याभरात तिघांनी सामान बांधायचं. मुलगी तेव्हा नववीत. दोन हजार दहाच्या मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा. मध्येच तिला उचलून गोरेगावच्या कुठल्या शाळेत कोण घेणार होतं?

आणि नेमकं याच दिवसांत डॉक्टरांना वडील आठवायला लागले. पेशंट पोटदुखी घेऊन यायचा, डॉक्टर त्याला बोलतं करायचे, आणि पोटदुखीच्या खाली चार महिन्यांचा न झालेला पगार निघायचा, नाहीतर कामगारांच्या कॅम्पमध्ये तोडलेली वीज निघायची. मग डिक्टाफोन सुरू. 'महोदय, मी या गृहस्थांचा डॉक्टर असून…' दर गुरुवारी कॅसेट माझ्या टेबलावर येई. त्यात मधुमेहाची, हृदयाची, स्पेशालिस्टकडे पाठवायची पत्रं असत आणि त्यांच्यामध्येच ही. डॉक्टरांच्या लेखी दोन्हींत काही फरक नव्हता. मी म्हटलं, डॉक्टर, इथे असं करत नाहीत. ते म्हणाले, मी कुणावर आरोप करतोय का? मी फक्त विनंती करतोय. अत्यंत नम्र भाषेत. आता यावर माणसाने काय बोलावं!

त्यांच्या नम्र भाषेतलं एक पत्र एका कंत्राटदाराकडे पोचलं. कामगारांच्या पिण्याच्या पाण्याबद्दल होतं. आठवड्याभरात स्पॉन्सरचा पीआरओ, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं बघणारा माणूस, क्लिनिकमध्ये हजर. डॉक्टर आत होते, म्हणून तो माझ्याच टेबलावर वाकला. "देखो भाई," तो म्हणाला, "डॉक्टर को बोलो, दवाई लिखो, चिठ्ठी मत लिखो. जनवरी में लायसन्स रिन्यू होना है. अरबाब बहुत गुस्सा है. एक और चिठ्ठी गई, तो क्लिनिक खलास. समझे?"

मी समजलो. अरबाब म्हणजे आमचा स्पॉन्सर. मी डॉक्टरांना जाऊन सांगितलंसुद्धा, पण सौम्य करून सांगितलं, कारण पीआरओच्या तोंडची भाषा त्यांच्यासमोर माझ्याच्याने निघेना. ते म्हणाले, "म्हणजे पत्र वाचलं तर त्यांनी!" आणि खूश होऊन आत गेले. असा माणूस.

मग मी माझा मार्ग काढला. पत्रं टाइप करायची, डॉक्टरांची सही घ्यायची, पाकिटात घालायची, पाकिटावर पत्ता आणि तिकीट, सगळं व्यवस्थित. स्पेशालिस्टची पत्रं पोस्टात जायची. बाकीची माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. इथे पोस्टमन दारोदार फिरत नाही, सगळं पोस्टाच्या खोक्यांत पडतं, त्यामुळे काय गेलं आणि काय आलं हे क्लिनिकमध्ये फक्त मला ठाऊक. डॉक्टर विचारायचे, "उत्तर?" मी म्हणायचो, "इन्शाल्ला." नऊ वर्षांत तेवढा एक शब्द मी फार उपयोगात आणला.

मला स्वतःची लाज वगैरे वाटत होती असं आता लिहिलं तर ते खोटं होईल. उलट वाटायचं, बरं झालं, एकाला तरी अक्कल आहे. मार्चपर्यंत ढकलायचं होतं फक्त.

दोन हजार नऊच्या नोव्हेंबरमध्ये वसईचा एक माणूस आला. क्लिनिकपासून दोन गल्ल्या सोडून एक हॉटेल होतं, तिथल्या लाँड्रीत कामाला. वाफेने मनगट भाजलं होतं म्हणून आला होता आणि ब्लडप्रेशर एकशे सत्तरच्या वर निघालं. माझ्याशी मराठीत बोलायला मिळाल्यावर त्याला बरं वाटलं. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे गाव, वडील, भाऊ असं करत करत काढलंच. आई वसईला हॉस्पिटलात, किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. हॉटेलने निम्मे लोक काढून टाकले होते आणि उरलेल्यांच्या सुट्ट्या बंद केल्या होत्या. त्याचा पासपोर्ट हॉटेलच्या ऑफिसातल्या कपाटात.

"पंधरा दिवस द्या म्हणतो, साहेब," तो मला बाहेर येऊन म्हणाला. "परत येतो. येणार नाय तर जाणार कुठं? पण मॅनेजर भेटतच नाय."

डॉक्टरांनी त्याच दिवशी पत्र सांगितलं. चांगलं पत्र होतं, ते मान्य करायला हवं. रोग्याचा रक्तदाब औषधाने उतरणार नाही, त्याला आईला भेटू दिल्याने उतरेल, असं सरळ लिहिलं होतं. मी टाइप केलं, सही घेतली. आणि मग त्या हॉटेलबद्दल मी पीआरओला फोनवर सहज म्हणून विचारलं. तो ओरडलाच, "वो अरबाब के मामू के लड़के का है! पागल हो क्या?"

पत्र ड्रॉवरमध्ये गेलं.

तो दर पंधरा दिवसांनी यायचा, प्रेशर मोजायला. काउंटरवर हात ठेवून आधी मला विचारायचा, "साहेब, लेटर गेलं ना?"

"गेलं," मी म्हणायचो.

"काय बोलले?"

"बघतायत म्हणे. फोन केला होता मी."

हा फोनही मी मनातल्या मनातच केला होता. तो मान डोलवायचा आणि बाकावर जाऊन बसायचा. आत डॉक्टर पट्टा दंडाला बांधून आकडा बघायचे आणि बाहेर येऊन मला म्हणायचे, "उतरत कसं नाही हे? गोळी वाढवली, मीठ बंद केलं." ते खरोखर कोड्यात पडलेले असायचे. मी संगणकाकडे बघत राहायचो.

जानेवारीत लायसन्स रिन्यू झालं. मार्चमध्ये मुलीची परीक्षा सुरू झाली. ती खोलीचं दार लावून बसायची, आणि मी चहा घेऊन गेलो की म्हणायची, "बाबा, प्लीज. आय हॅव बोर्ड्स." जणू बोर्ड मला नव्हते. शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी आम्ही तिघं समुद्रावर गेलो आणि बायको म्हणाली, "सुटलो." मीही म्हटलं, सुटलो.

आता मला सांगा, त्यानंतर ते पत्र टाकायला काय हरकत होती? मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळ वेळा विचारला आहे आणि दर वेळी चिडलो आहे. लायसन्स वर्षभराचं झालं होतं. परीक्षा संपली होती. पोस्ट माझ्या वाटेवर होतं. पण पत्रावर नोव्हेंबरची तारीख होती. ते एप्रिलमध्ये टाकायचं तर नवीन टाइप करून पुन्हा सही घ्यावी लागणार, आणि सही घेताना डॉक्टर विचारणार की हे तर गेलं होतं ना. एवढंच कारण होतं. एवढ्याशा लाजेपायी ते पाकीट आणखी दोन महिने तिथेच पडून राहिलं.

तोवर डॉक्टरांना आणखी एक खूळ लागलं होतं. त्यांच्या देशात बँका बुडाल्या होत्या, पोरं पुन्हा बोटी-विमानं पकडून परदेशी निघाली होती, आणि यांच्या जुन्या गाववाल्यांनी यांना फोन करून करून पेटवलं होतं की तुम्ही त्या वडिलांचे चिरंजीव, तुम्ही या, उभे राहा. कुठल्याही पक्षाचे नाहीत, अपक्ष. पेशंट तपासता तपासता फोन यायचा आणि एका हाताने स्टेथोस्कोप धरून हे तिकडच्या हॉस्पिटलच्या बंद पडलेल्या वॉर्डाबद्दल बोलत सुटायचे. दोन पेशंटच्या मध्ये भाषणाची तयारी. भाषणंही मीच टाइप करत होतो. 'माझ्या वडिलांनी मला शिकवलं की माणसाचं ऐकून घ्या आणि त्याच्यासाठी पत्र लिहा.' असली वाक्यं. ती मी त्याच दिवशी, तासाभरात ईमेल करत होतो, हे लिहिताना मला आज स्वतःचाच राग येतो.

मेच्या शेवटी निकाल लागला. मुलीने उत्तम केलं होतं. मी करामातूनच पेढे घेतले आणि खोका उघडून काउंटरवर ठेवला. दुपारी वसईचा माणूस आला. त्याची तारीख नव्हती.

"आई गेली, साहेब," तो म्हणाला. "काल."

त्याने खोक्याकडे पाहिलं.

"मुलगी पास झाली?"

मी मान हलवली.

"गॉड ब्लेस," तो म्हणाला. त्याने एक पेढा उचलला, पण तोंडात घातला नाही. कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही पुष्कळ केलं. लेटर पाठवलं, फोन केले. आपल्या माणसासाठी एवढं कोण करतं? त्यांनीच नाय ऐकलं, त्याला तुम्ही काय करणार?"

डॉक्टर दारात उभे होते. त्यांना मराठी येत नव्हतं, पण माणसाचं तोंड बघून त्यांना कळलं. त्याला आत नेऊन त्यांनी पाणी दिलं, दोघं बराच वेळ आत होते. मग डॉक्टर बाहेर आले, कोट तसाच अंगात, आणि म्हणाले, "त्या पत्राची प्रत दे. मी आत्ता त्या हॉटेलात जातोय. सहा महिन्यांत त्यांना दोन ओळी लिहिता आल्या नाहीत?"

मी काहीतरी थाप मारू शकलो असतो. प्रत सापडत नाही, उद्या देतो, काहीही. पण खिशातला तो पेढा मला दिसत होता. मी खाली वाकून ड्रॉवर ओढला. गच्च भरला होता, पूर्ण उघडेना. डॉक्टरांनी स्वतः वाकून तो ओढला.

ते बाकावर, पेशंटच्या जागी बसले आणि एकेक पाकीट बघू लागले. पत्ते वाचत होते. सगळ्यांवर तिकिटं लावलेली होती. मी उभ्या उभ्या सांगत सुटलो: लायसन्स, पीआरओ, व्हिसा, दहावी. मी तेव्हाही रागातच होतो. मी म्हणालो, "तुम्हाला कितीदा सांगितलं, इथे असं चालत नाही! तुम्हाला खरं सांगून काय झालं असतं? तुम्ही आणखी एक पत्र लिहिलं असतं!"

"लिहिलं असतं," ते म्हणाले. मग हॉटेलचं पाकीट हातात धरून विचारलं, "हे इथून किती लांब?"

"चालत सात मिनिटं."

"पत्र गेलं असं तू सांगितलंस, म्हणून मी उत्तराची वाट बघत बसलो," ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "गेलं नाही असं म्हणाला असतास, तर मी चालत गेलो असतो."

ते त्या माणसाला घेऊन गेले. मी बाकीच्या पेशंटांच्या अपॉइंटमेंट रद्द केल्या. हॉटेलच्या लॉबीत पांढरा कोट घालून एक म्हातारा गोरा डॉक्टर सोफ्यावर बसला, मॅनेजरला भेटल्याशिवाय उठणार नाही म्हणाला, येणारी-जाणारी गिऱ्हाइकं बघायला लागली, आणि दोन तासांत पासपोर्ट मिळाला. दोन तास. त्याच रात्रीच्या विमानात त्याला जागा मिळाली नाही, पुढेही दोन दिवस मिळाली नाही. मातीला तो नव्हता. सातव्या दिवसाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, पोचला.

आणि लायसन्सचं काय झालं? काही नाही. पीआरओने फोनवर आरडाओरडा केला, मग म्हणाला अरबाब सुट्टीवर लंडनला आहे, आल्यावर बघू. आल्यावर कुणी काही बघितलं नाही. ज्या भीतीला मी दीड वर्ष जपलं, तिचं पुढे एवढंच झालं.

डॉक्टरांनी मला काढलं नाही. त्याबद्दल पुन्हा बोललेही नाहीत. फक्त पुढच्या गुरुवारपासून पत्रांवर सही केली की पाकिटं स्वतःच्या बॅगेत घालायचे आणि त्या उन्हाळ्यात, डोकं भाजून काढणाऱ्या उन्हात, स्वतः पोस्टात चालत जायचे. मी म्हटलं, डॉक्टर, मी जातो ना. ते म्हणायचे, "नको, मला चालायला हवं." ऑगस्टमध्ये ते आयर्लंडला परत गेले. जाताना त्यांनी क्लिनिक दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली केलं आणि माझी नोकरी राहील असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तेही, अर्थात, पत्र लिहून.

पहिल्या निवडणुकीत ते सपाटून पडले. मला आश्चर्य वाटलं नाही. दारोदार प्रचार करताना प्रत्येक घरी अर्धा तास थांबले असणार. तीन-चार वर्षांनी मात्र काउंटी कौन्सिलवर निवडून आले, वडिलांच्याच जागी. त्यांचं प्रचाराचं पत्रक क्लिनिकच्या पोस्टाच्या खोक्यात आलं. सोबत चिठ्ठी नव्हती. फोटोत तोच सुरकुतलेला कोट, आणि खाली त्यांनी काय काय केलं आणि करणार त्याची यादी.

मी ते घरी नेलं. मुलगी तेव्हा कॉलेजात होती, सुट्टीला आली होती. तिने सोफ्यावर पाय वर घेऊन पत्रक वाचलं आणि हसली. "बाबा, लिसन. 'लोकांसाठी लिहिलेलं प्रत्येक पत्र मी स्वतः पोस्टात टाकतो.' हाऊ क्यूट! कोण लिहितं असं इलेक्शनमध्ये?"

"त्यांचा स्वभावच तसा विचित्र," बायको आतून म्हणाली.

मीही तसंच काहीतरी म्हणालो. ती ओळ माझ्याबद्दल आहे, आणि तिच्या दहावीबद्दल, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.